पहिले पान

पत्ते खेळून मोठा झालेल्या माणसाचे चरित्र कॉलेजच्या अंकात कशासाठी, असे काही वाचकांच्या मनात येईल. माझ्या लहानपणी आमच्या घरी पत्त्यांचा जोड कपाटाच्या वरच्या फळीवर असे, आणि कोजागरीला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत मामेभावंडे जमली म्हणजेच तो खाली उतरे. परीक्षेच्या दिवसांत तो कोणाच्या हातात दिसला, तर वडील सरळ बंबात घालीत. तेव्हा ब्रिजकडे मी वळलो तो नोकरी लागल्यावर, आणि तेही पावसामुळे. बेळगावचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगावयास नको. जून ते सप्टेंबर मैदानावर पाय ठेवण्याची सोय नसे. मग शेवटचा तास संपला की आम्ही चार-सहा जण स्टाफरूमच्या कोपऱ्यातल्या टेबलाभोवती बसत असू. माझे भिडू म्हणजे कन्नड विभागातले एक ज्येष्ठ सर. ते माझ्याशी मराठी बोलत, मी त्यांच्याशी मोडके कन्नड बोले, आणि दोघेही एकमेकांच्या चुका पोटात घालीत असू. डाव सुरू झाला म्हणजे मात्र आमची भाषा एकच असे.

१९८४ च्या ऑगस्टमधील एका संध्याकाळी त्या टेबलावर मी एक पान खोटे उतरलो. खोटे म्हणजे नियमाविरुद्ध नव्हे. पण त्याचा परिणाम असा झाला, की त्यानंतर कित्येक दिवस सर टेबलाकडे फिरकले नाहीत. त्या अस्वस्थतेत मी ईली कल्बर्टसनविषयी मिळेल ते वाचू लागलो. ज्या खेळात मी भिडूला फसविले, त्या खेळाची भाषा बहुतांशी या माणसाने घडविली होती. आणि हा माणूस स्वतः पहिल्या प्रतीचा नाटकी होता! या विसंगतीने मला ओढून घेतले.

ज्यांना ब्रिज येतो त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. चार खेळाडू, समोरासमोरचे दोघे एकमेकांचे भिडू, बावन्न पाने, प्रत्येकी तेरा. इथवर मेंढीकोटासारखेच. पण हुकूम कोणता असावा हे इथे लिलावाने ठरते. आपली बाजू किती हात करील, आणि कोणता रंग हुकूम असेल की मुळीच हुकूम नसेल, याची बोली चढत जाते. अखेरची बोली ज्या बाजूची, तिच्यातला एक जण खेळतो. त्याला मी सोयीसाठी बोलीदार म्हणतो. त्याचा भिडू आपली तेरा पाने टेबलावर उघडी मांडून गप्प बसतो. ती डमी. मात्र डमी उघडण्यापूर्वी बोलीदाराच्या डाव्या हाताच्या खेळाडूने पहिले पान उतरावयाचे असते. त्या क्षणी त्याला स्वतःची तेरा पाने दिसतात आणि झालेल्या बोली आठवतात, एवढेच. पुढची प्रत्येक उतारी डमी पाहून होते. ही एकटी आंधळी. शिवाय भुवया, खोकला, खुणा यांना सक्त बंदी असल्यामुळे, आपल्या हातात काय आहे हे बचावाच्या वेळी भिडूला सांगण्याची ही पहिली संधी. ती पानानेच साधावयाची.

आता कल्बर्टसनकडे वळू. त्याचा जन्म २२ जुलै १८९१ रोजी रुमानियातल्या एका खेड्यात झाला. वडील आल्मन हे अमेरिकन, खाणकामाचे इंजिनिअर, कॉकेशसमधल्या तेलावर श्रीमंत झालेले. आई झेनिया रशियन, कोसॅक घराण्यातली. धाकटा भाऊ साशा पुढे व्हायोलिनवादक म्हणून नावारूपास आला. ईलीचे शिक्षण पॅरिस आणि जिनेव्हा येथे अर्थशास्त्र व राज्यशास्त्र या विषयांत झाले. वाचन दांडगे, भाषा अनेक, पण चित्त कुठे ठरत नाही, असा हा मुलगा होता. ऐन तारुण्यात रशियात, मेक्सिकोत, स्पेनमध्ये आपण क्रांतिकारकांच्या वर्तुळात वावरलो, असे त्याने स्वतःच लिहून ठेविले आहे. १९४० साली प्रसिद्ध झालेले त्याचे आत्मचरित्र कादंबरीसारखे वाचत सुटावे असे आहे. त्यातले किती घडले आणि किती रंगविले हे मात्र त्याच्याच शब्दांवर ठरवावे लागते. मला वाटते, फार वाढवून सांगणाऱ्या माणसालाही थोडेसे खरे लपवावयाचे असते. कल्बर्टसनच्या बाबतीत ते थोडेसे खरे म्हणजे १९१७ नंतरची गरिबी. रशियन क्रांतीत घराण्याची सारी मालमत्ता गेली. क्रांतीची स्वप्ने पाहिलेल्या मुलाला क्रांतीनेच निष्कांचन केले आणि तो पॅरिसच्या व युरोपातल्या इतर शहरांच्या क्लबांतून पत्त्यांवर पोट भरू लागला.

१९२१ मध्ये तो अमेरिकेत आला. न्यूयॉर्कमध्ये त्या वेळी ऑक्शन ब्रिज जोरात होता आणि तो शिकविणाऱ्यांत जोसेफिन डिलन या तरुण बाईंचे नाव मोठे होते. पुरुषांच्या बरोबरीने बसून शांतपणे खेळणारी ही स्त्री, आणि तिच्यासमोर हा बोलका, सतत सिगारेट ओढणारा, डोक्यात दहा योजना असलेला परदेशी. १९२३ मध्ये दोघांचे लग्न झाले. पुढे साऱ्या अमेरिकेने त्यांना ईली आणि जो या घरगुती नावांनी ओळखले. आपल्याला कोणी शिक्षक म्हणून विचारीत नाही, पण पती-पत्नींची जोडी म्हणून लोक पाहतील, हे ईलीने लवकर हेरले होते. ब्रिजच्या शिकवण्या लावणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती हेही त्याच्या नजरेतून सुटले नव्हते.

इतक्यात खेळच बदलला. १९२५ मध्ये हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट या धनाढ्य गृहस्थाने पनामा कालव्यातून जाणाऱ्या एका बोटीवर नवी गुणपद्धती बसविली आणि काँट्रॅक्ट ब्रिज जन्मास आला. जुन्या खेळात जितके हात केले तितक्यांचे गुण मिळत. बोली कमी केली तरी बिघडत नसे. नव्या खेळात ज्याची बोली केली तेवढेच गेमसाठी धरावयाचे. म्हणजे आपल्या दोघांचे मिळून किती हात होतील हे आधीच, न पाहता, नेमके सांगता आले पाहिजे. त्यासाठी भिडूंना भाषा हवी. व्हँडरबिल्टने खेळ दिला, पण त्याच्या वाटेतली ही अडचण कल्बर्टसनने इतरांपेक्षा अधिक स्पष्टपणे पाहिली. नवराबायकोने रात्रंदिवस बसून बोलींचा एक सुसंगत शब्दकोशच तयार केला. एक्का म्हणजे एक मान-हात, एक्का-राजा दोन, राजा-राणी एक, असे पानांचे मोल बांधले. कोणत्या बोलीनंतर भिडूने गप्प बसता कामा नये, हे ठरविले. १९२९ मध्ये त्याने ब्रिज वर्ल्ड हे मासिक काढले आणि १९३० मध्ये त्याचे ब्लू बुक बाहेर पडले. त्याच वर्षी इंग्लंडला जाऊन कर्नल बुलर यांच्या संघास हरवून आल्यामुळे पुस्तकाच्या खपाला चांगलाच जोर आला.

जाहिरातीच्या बाबतीत या गृहस्थाला कसलाच विधिनिषेध नव्हता, हे सांगितलेच पाहिजे. १९२९ मध्ये कॅन्सस सिटी येथे बेनेट नावाच्या गृहस्थाचा त्याच्या पत्नीने ब्रिजच्या डावावरून झालेल्या भांडणात गोळी घालून खून केला. पुढे ती निर्दोष सुटली. सारा देश हळहळत होता आणि कल्बर्टसन मात्र आपल्या व्याख्यानांतून असे सुचवीत होता, की त्या दांपत्याला माझी पद्धती येत असती तर बिचारा आज जिवंत असता! हे वाचताना हसू येते आणि लगेच हसल्याची लाजही वाटते. पण त्याच्या पद्धतीच्या मुळाशी एक गंभीर गोष्ट होती. भिडूने दिलेला शब्द खरा मानून दुसऱ्याने चालावयाचे, आणि ज्याने शब्द दिला त्याने तो पाळावयाचा.

पहिल्या उतारीलाही ही भाषा लागू होते. ती मात्र कल्बर्टसनची नव्हे, व्हिस्टच्या काळापासून चालत आलेली. बिनहुकमी डावात आपल्या लांब रंगातले वरून चौथे पान उतरावे, हा संकेत. समजा बदामात माझ्याकडे राजा, गुलाम, सत्ती, पंजी, दुर्री आहेत, तर मी पंजी उतरावयाची. भिडू अकरातून पाच वजा करतो आणि उरलेल्या तीन हातांत पंजीहून मोठी सहा पाने आहेत, हे त्याला तात्काळ कळते. डमीतली आणि आपली मोजली की बोलीदाराकडे किती, हेही कळते. शाळेतल्या वजाबाकीपेक्षा यात अधिक काही नाही. अकराचा हा नियम फॉस्टर या लेखकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केला.

परंतु इथे एक खोच आहे. ब्रिजमध्ये गुप्त खुणा चालत नाहीत. भिडूशी ठरविलेला प्रत्येक संकेत प्रतिस्पर्ध्यालाही माहीत असला पाहिजे. म्हणजे मी भिडूला जे खरे सांगतो तेच बोलीदारही ऐकतो आणि तोही अकरातून पाच वजा करतो. मग मनात येते, की वरच्या हातातून पंजीऐवजी तळाची दुर्री उतरावी. दुर्रीखाली पानच नसल्यामुळे ती चौथी मानली, की बोलीदार समजतो, याच्याकडे बदाम फक्त चार. पाचवे पान अंधारात राहते. फसवी उतारी म्हणतात ती हीच. असले प्रकार आणखीही आहेत. हुकमी डावात एक्का हाती ठेवून त्याच रंगातले लहान पान उतरणे हा त्यातला सर्वांत धाडसी. डमीत राजा-गुलाम असतील तर बोलीदार विचार करतो, की एक्क्याखालून कोणी शहाणा उतरत नाही, तेव्हा याच्याकडे राणी असावी. तो गुलाम घालतो, भिडूची राणी हात घेते, आणि मागून एक्काही येतो. बोलींवरून राजा डमीत येणार असे वाटत असेल तरच हे करावे. अंदाज चुकला तर एक्का पुढे हुकमाने कापला जाण्याची भीती असते.

हे सारे लबाडीचे तंत्र वाचताना मला सतत आठवत होती ती १९३१ सालच्या सामन्याची. कल्बर्टसनच्या वाढत्या बोलबाल्याने बिथरलेल्या जुन्या अधिकारी मंडळींनी एकत्र येऊन आपली एक अधिकृत पद्धती जाहीर केली होती. कल्बर्टसनने तिच्यातल्या सिडनी लेन्झ यांना जाहीर आव्हान दिले. १५० रबर खेळावयाचे. कल्बर्टसन हरला तर त्याने ५,००० डॉलर धर्मादाय द्यावेत, लेन्झ हरले तर त्यांनी १,०००. लेन्झ त्या वेळी ५८ वर्षांचे, सुखवस्तू, सभ्य गृहस्थ. त्यांची एक गोष्ट मला फार आवडते. ते हातचलाखीत इतके निष्णात होते, की जादूगारांच्या संस्थेने त्यांना सन्माननीय सभासदत्व दिले होते. आणि नेमक्या याच कारणासाठी ते मोठ्या पैजा लावून पत्ते खेळत नसत. कोणाला शंकेला जागाच नको. बोटांत इतकी फसवणूक असलेला हा माणूस टेबलावर मात्र सरळ खेळाचा पुरस्कर्ता होता.

त्यांनी भिडू निवडला तो ऑस्वाल्ड जेकोबी. वय २९, गणिती, विमा कंपनीच्या हिशेबात मुरलेला, बुद्धीने विजेसारखा. या जेकोबीला सायकिक बोलीचे वेड होते. हातात पाने नसताना असल्यासारखी बोली करावयाची, म्हणजे प्रतिस्पर्धी बिचकून आपला खरा गेम सोडून देतात. उतारीतले खोटे पान आणि बोलीतला हा खोटा शब्द ही एकाच घरची भावंडे आहेत.

सामना ७ डिसेंबर १९३१ रोजी न्यूयॉर्कच्या चॅथम हॉटेलात सुरू झाला. उत्तरार्ध वॉल्डॉर्फ-अस्टोरियामध्ये झाला. मंदीचे दिवस होते. कामधंदा नसलेल्या, सिनेमाला पैसे नसलेल्या घरांतून पत्त्यांचा एक जोड सगळ्या कुटुंबाची करमणूक करीत होता आणि ते सारे लोक वर्तमानपत्रांत रोजचे डाव वाचीत होते. खेळाच्या खोलीत आडोसा लावला होता आणि निमंत्रित मंडळी चवड्यांवर उभी राहून त्याच्या फटीतून आत डोकावीत. पंच म्हणून लेफ्टनंट आल्फ्रेड ग्रुंथर हे लष्करी अधिकारी होते. हेच पुढे नाटोच्या युरोपमधील सैन्याचे सरसेनापती झाले. कल्बर्टसन रोज उशिरा येई, एकेका पानावर मिनिटेच्या मिनिटे विचार करी आणि कधी जेवणही टेबलाशीच मागवी. लेन्झ चिडत. ते चिडावेत अशीच त्याची इच्छा होती असे म्हणावयास हरकत नाही. त्याच्यासमोर बहुतेक वेळ जोसेफिन असे, शांत, नीटनेटकी, एकाही वादात न पडणारी. अधूनमधून लाइटनर आणि इतर सहकारी तिच्या जागी बसत.

सुरुवातीला लेन्झ यांची बाजू पुढे होती. मग पारडे फिरले. पानांचे दान हे त्याचे एक कारण होतेच, पण दुसरेही होते. जेकोबीच्या खोट्या बोली कल्बर्टसन दांपत्याला अधूनमधून अडचणीत आणीत, तशाच त्या लेन्झ यांनाही आणीत. समोरून एक बदाम अशी बोली आली, तर भिडूकडे बदाम आहेत की नाहीत हेच त्या वृद्ध गृहस्थाला कळेना. खरी बोली आली तरी शंका, खोटी आली तरी शंका. लेन्झ सर्वांसमक्ष नापसंती दाखवू लागले, जेकोबीच्या बचावाच्या खेळावरही टीका करू लागले. अखेर १०३ रबर झाल्यावर जेकोबीने राजीनामा दिला. उरलेले रबर लेन्झ कमांडर लिगेट या निवृत्त नौदल अधिकाऱ्याबरोबर खेळले, आणि त्यांनी पिछाडी पुष्कळ भरूनही काढली. ८ जानेवारी १९३२ रोजी सामना संपला तेव्हा कल्बर्टसनची बाजू ८,९८० गुणांनी पुढे होती. रबरांचा हिशेब ७७ विरुद्ध ७३. दीडशे रबरांनंतर हा काही दणदणीत विजय नव्हे. पण घरोघरी पोचली ती एकच गोष्ट, की एक जोडी अखेरपर्यंत टिकली आणि दुसरी मोडली. जेकोबी पुढे अमेरिकेतल्या सर्वश्रेष्ठ खेळाडूंत गणला गेला, तेव्हा दोष त्याच्या बुद्धीचा नव्हता, हे उघड आहे.

माझ्या १९८४ मधल्या पानाची हकीकत आता सांगता येईल. वर उदाहरण म्हणून दिलेला बदामाचा हात माझाच होता. प्रतिस्पर्धी तीन बिनहुकमीवर थांबले होते, म्हणजे त्यांना नऊ हात हवे होते. मी पंजी न उतरता दुर्री उतरलो. डमीत बदाम दोन, लहानसे. सरांकडे राणी, दश्शी, तिर्री. त्यांनी राणी घातली. बोलीदाराने क्षणभर माझ्या दुर्रीकडे पाहिले आणि लगेच एक्क्याने हात घेतला. मला मनातून उकळ्या फुटल्या. त्याने बदाम चार-चार वाटले गेले असे धरले होते. पाच-तीन आहेत असे कळते तर त्याने एक्का तिसऱ्या फेरीपर्यंत दाबून ठेवला असता आणि सरांकडचे बदाम संपविले असते. पुढे त्याने किलवर सुरू केला आणि सरांनी एक्क्याने हात घेतला. आता त्यांनी बदाम परत केला की माझे चार बदाम आणि त्यांचा एक्का मिळून पाच हात. डाव बुडाला!

सर विचार करू लागले. बराच वेळ केला. आणि त्यांनी चौकटचे पान उतरले. बोलीदाराने ते एक्का-राणीत अलगद घेतले आणि नऊ हात मोजून दाखविले.

डाव संपल्यावर मी चिडून माझे पाचवे बदाम टेबलावर ठेविले. सरांनी ते पाहिले आणि आपला हिशेब मला समजावून सांगितला, आवाज न चढविता. दुर्री म्हणजे माझ्याकडे चार. माझ्याकडे चार तर उरलेले तीन बदाम आणि किलवरचा एक्का मिळून चारच हात होतात. डाव बुडविण्यास पाचवा कुठून तरी शोधलाच पाहिजे. तो चौकटमध्ये असेल तरच आशा. यात कुठे चूक काढावी? मी म्हणालो, की खरी पंजी उतरलो असतो तरी बोलीदाराने एक्का दाबून डाव केलाच असता. हेही खोटे नव्हते. डाव बुडविण्याची जी एकमेव वाट होती ती माझ्या खोट्या पानानेच उघडली होती, आणि त्याच पानाने ती सरांपुरती बंदही केली होती. त्यांनी मान डोलाविली, छत्री उचलली आणि ते गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांना प्रश्नपत्रिका तपासावयाच्या होत्या. ऑगस्टमध्ये कसल्या प्रश्नपत्रिका, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

कल्बर्टसनचे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो, कारण त्यातला ब्रिजचा भाग लवकर आटोपतो. १९३४ मध्ये खेळावरचे त्याचे रेड बुक आले. १९३५ मध्ये त्याने आणि जोसेफिनने सिम्स दांपत्यास मोठ्या सामन्यात हरविले. या सिम्सबाई सायकिक बोलीच्या आद्य प्रवर्तकांत मोडतात, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. १९३७ मध्ये बुडापेस्ट येथे त्याचा संघ ऑस्ट्रियाकडून पराभूत झाला आणि त्यानंतर तो स्पर्धांतून जवळजवळ दूरच झाला. १९३८ मध्ये ईली आणि जो विभक्त झाले. टेबलावर जगाला आदर्श वाटलेली जोडी घरात टिकली नाही. धंद्यात मात्र दोघांनी एकमेकांची साथ सोडली नाही. भिडू म्हणून तिने त्याला कधी फसविले नाही. त्याने तिला टेबलाबाहेर किती खरे सांगितले असेल, याची मला शंका आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने पत्ते बाजूला सारून जगाच्या शांततेची योजना मांडली. प्रत्येक राष्ट्राच्या शस्त्रबळाला ठराविक वाटा आणि त्या सर्वांवर एक आंतरराष्ट्रीय सेना, अशी ती होती. १९४३ मध्ये त्यावर त्याने मोठा ग्रंथ लिहिला, वॉशिंग्टनच्या पायऱ्या झिजविल्या, जवळचा पैसा ओतला. काही मोठ्या माणसांनी ती गंभीरपणे घेतलीही. पण पंधरा वर्षे ज्याने स्वतःला विदूषकासारखे रंगवून विकले त्याच्यावर लोकांचा विश्वास कसा बसावा? मला त्याच्या चरित्रातला हाच भाग सर्वांत दुःखाचा वाटतो. या वेळी तो बहुधा अगदी खरे बोलत होता. २७ डिसेंबर १९५५ रोजी व्हरमाँटमधील ब्रॅटलबरो येथे तो वारला, आणि काही महिन्यांतच, १९५६ मध्ये, जोसेफिनही गेली. त्याची बोलीपद्धती तोवर मागे पडू लागली होती. गोरेन यांच्या गुणमोजणीने घरोघर तिची जागा घेतली. एक्क्याला चार, राजाला तीन, राणीला दोन, गुलामाला एक, असे एकूण चाळीस गुण, हे आपण आज शिकतो ते त्या नव्या पद्धतीतले.

ही गुणमोजणीच मला शेवटी उपयोगी पडली. दिवाळीनंतर सर पुन्हा येऊ लागले. त्या प्रसंगाचा उल्लेख दोघांनीही केला नाही. मी मुकाट्याने चौथे पान उतरत राहिलो. मग जानेवारीत एकदा प्रतिस्पर्धी भक्कम बोली करीत पुन्हा तीन बिनहुकमीवर गेले. त्यांच्या बोलींवरून दोघांचे मिळून सव्वीस गुण तरी असावेत. मी माझे मोजले, तेरा भरले. चाळिसातून एकोणचाळीस गेले म्हणजे सरांकडे एखादा गुलाम, बस्स. त्यांच्या हाती एकही हात येणार नव्हता, म्हणजे काही ठरविण्याची पाळीच त्यांच्यावर येणार नव्हती. फसायला टेबलावर एकच माणूस उरला होता.

माझ्याकडे बदामाचे राजा, राणी, अठ्ठी, पंजी, दुर्री होते. किलवरचा एक्का आणि इस्पिकचा राजाही माझ्याचकडे. मी दुर्री उतरलो. सरांनी गुलाम घातला, बोलीदाराने एक्का. त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. डमीतल्या इस्पिकच्या एक्का-राणीवर फिनेस करावयाचा, जो माझा राजा बरोबर सापडून यशस्वी झाला असता. किंवा किलवरमध्ये एकदा हात देऊन निर्धास्तपणे नऊ हात गाठावयाचे. बदाम चारच आहेत असे धरल्यावर दुसरी वाट बिनधोक होती. त्याने किलवर खेळला. मी एक्का घेतला आणि चार बदाम एकापाठोपाठ एक खाली ठेविले.

सरांनी चौथ्या बदामावर आपले पान टाकताना चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मग उरलेली पाने उलटी करून टेबलावर पसरली. त्यांत नश्शीच्या वर काही नव्हते. त्यांनी शिपायाला चार चहा सांगितले आणि पत्ते पिसावयास घेतले.